जाड भिंत, पक्की भिंत?

आज बोलूया किल्लारीच्या भूकंपाबद्दल.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं गाढ झोपेत. पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेली.

बहुतेकांचा जीव घेतला तो घरांनी. भिंती चांगल्या जाडजूड होत्या. पण आत-बाहेर दगड आणि मधे चिखलमाती-चिपांची भर. हादरा बसताच दोन्ही बाजू सुट्या झाल्या. वर माळवद. गळू नये म्हणून माती टाकत गेल्यानं त्याचं ओझं वाढलेलं.

तुमचं घर तसंच असेल, तर जाणत्या गवंड्याला दाखवा. भिंत फुगली आहे का? कोपऱ्यात भेग आहे का? भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवता येतील का? माळवदावरची जादा माती कमी करता येईल का?

बिनखर्चाची कामं आजच करा. उशाशी भरलेली मांडणी नको. दाराच्या वाटेत पोती नकोत. चप्पल आणि बॅटरी हाताशी असू द्या. रेशनकार्ड, पासबुक एकाच पिशवीत ठेवा.

संकटात आधी धावतो तो शेजारी. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत यादी करा : कोणत्या घरात म्हातारं माणूस, बाळंतीण, अपंग व्यक्ती आहे, ती कुठे झोपते आणि तिला बाहेर कोण काढणार.

किल्लारीनंतर घरदुरुस्तीच्या कामात महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' झाल्या, गवंडीकामातले बारकावे शिकल्या. आपण ते भूकंपाआधीच शिकूया.