कुऱ्हाड कोणाची?

समाजांची प्रगती अवजारांवरून मोजायची सवय जुनी आहे. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ लुईस हेन्री मॉर्गन यांनी १८७७ साली ‘एन्शंट सोसायटी’ या ग्रंथात अग्नी, धनुष्यबाण, मातीची भांडी, लोखंड अशा पायऱ्या रचल्या आणि जगातल्या समाजांना त्यांवर खाली-वर बसवलं. हिशेब सोपा होता; पण अवजार समाजात नांदतं कसं, हे त्यातून कळत नव्हतं.

ती वाट फ्रान्सच्या मार्सेल मॉस यांनी दाखवली. १९३४ च्या व्याख्यानात त्यांनी पहिल्या महायुद्धातली आठवण सांगितली. इंग्रज शिपायांना फ्रेंच फावड्यांनी खणता येईना, म्हणून तुकड्यांची अदलाबदल झाली की दर डिव्हिजनमागे ८,००० फावडी बदलावी लागत. खणण्याची ढब अंगात मुरलेली असते आणि ती ज्या त्या समाजाची असते. मॉस यांनी चालणं, पोहणं, बसणं यांनाही तंत्र मानलं. परंपरेने आलेली आणि परिणाम साधणारी कृती, ही त्यांची व्याख्या. पुढे आंद्रे लर्वा-गुराँ यांनी कच्च्या मालापासून वापरापर्यंतच्या कृतींची साखळी तपासण्याचा पाया घातला.

या विचाराचं मोल सर्वांत ठळकपणे दिसतं ते ऑस्ट्रेलियात. केप यॉर्क द्वीपकल्पातल्या यिर योरोंट लोकांमध्ये लॉरिस्टन शार्प १९३०च्या दशकात राहिले. त्यांचा गाजलेला निबंध १९५२ चा. तिथे दगडी कुऱ्हाड पुरुषच घडवत. तिचा दगड सुमारे ४०० मैल दक्षिणेकडच्या खाणींतून, हातोहात, देवाणघेवाणीतून येई. बदल्यात उत्तरेकडून पाकट माशाच्या काट्याचे भाले जात. सरपणासाठी कुऱ्हाड रोज लागे ती बायकांना. पण ती नवऱ्याकडून, वडिलांकडून किंवा थोरल्या भावाकडून मागून घ्यावी लागे. त्या मागण्यात नाती रोज नव्याने पक्की होत.

मग मिशनऱ्यांनी पोलादी कुऱ्हाडी वाटल्या. त्या बायकांना मिळाल्या, पोरांनाही मिळाल्या. मिशनपासून दूर राहणाऱ्या वडीलधाऱ्यांवर मुलाकडे, बायकोकडे कुऱ्हाड मागायची वेळ आली. दूरच्या सोबत्यांशी असलेला व्यवहार ढिला पडला, वार्षिक मेळाव्यांतला रस ओसरला. वाचलेल्या वेळात लोक काय करत? शार्प यांच्या निरीक्षणानुसार, झोप काढत. धार वाढली, पण तिच्याभोवतीची घडी विस्कटली.

ब्रायन फाफेनबर्गर यांनी १९९२ मध्ये हे सूत्ररूपाने मांडलं: वस्तू, कौशल्य, श्रमांची वाटणी, विधी आणि नियम मिळून एक सामाजिक-तांत्रिक व्यवस्था बनते. बाली बेटावर तिचा पुरावा भातखाचरांत सापडतो. तिथे पाण्याच्या पाळ्या ‘सुबक’ नावाचे शेतकरीसंघ आणि जलमंदिरं मिळून ठरवत. १९७०च्या दशकात हरितक्रांतीच्या धोरणाने सतत लागवडीचा आग्रह धरला. पाळ्या मोडल्या, एकाच वेळी शेतं पडीक ठेवणं थांबलं आणि किडीचा उपद्रव माजला. मंदिरांमार्फत होणारं हे नियोजन पाणी आणि कीड दोन्ही सांभाळत होतं, हे स्टीफन लॅन्सिंग आणि जेम्स क्रेमर यांनी संगणकीय प्रतिमान रचून दाखवलं.

खानदेशातली फड पद्धत याच जातीची. पांझरेसारख्या नदीवर बंधारा घालायचा, पाट काढायचा, जमिनीचे फड पाडायचे आणि एका फडात एकच पीक घ्यायचं. पाणी द्यायला पाटकरी, आणि त्याच्यामागे गावाने मिळून पाळलेला नियम. बंधाऱ्याचे दगड मोजता येतात म्हणून तेवढंच तंत्रज्ञान मानलं, तर निम्मी व्यवस्था नजरेतून सुटते.

म्हणून व्याख्येचा हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. योजनेच्या अंदाजपत्रकात सिमेंट आणि पोलाद मांडलं जातं. पाण्याची पाळी ठरवणाऱ्या माणसांचं ज्ञान आणि त्यांचा आपसातला करारही त्याच कागदावर यायला हवा. पंप बिघडला तर नवा विकत आणता येतो. मोडलेला करार बाजारात मिळत नाही. तो माणसांना पुन्हा एकत्र बसूनच बांधावा लागतो.