चाल तीच, वाद्य वेगळं : लेखांक ५ – हळदीचा बेंजो

गेल्या आठवड्यात ग्लासगोच्या ट्रॅव्हिस या बँडची गोष्ट पाहिली. ब्रिटनी स्पिअर्सचं 'बेबी वन मोर टाइम' त्यांनी 1999 साली आपल्या पद्धतीनं, गिटारवर सावकाश वाजवलं. सुरुवात गंमत म्हणून झाली. वाजवता वाजवता गाण्याची बांधणी किती पक्की आहे ते ध्यानात आलं, असं गायक फ्रॅन हीली यांनी नंतर सांगितलं. 2018 मध्ये वीझरनं टोटोचं 1982 सालचं 'आफ्रिका' असंच पुन्हा उभं केलं. या प्रयोगांवर भरभरून लिहिलं गेलं. तेच काम उरण तालुक्यात, न्हावा-शेवा बंदराच्या आसपासच्या आगरी-कोळी गावांत, हळदीच्या मांडवासमोर वर्षानुवर्षं चालू आहे, आणि त्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही.

हळदीला आधी धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, गाते. तो मान तिचा. मग रात्री बेंजो पार्टी उभी राहते: बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, कच्छी ढोल, एखाद्या पार्टीत ट्रम्पेट. वाजवणारी मुलं गावातलीच किंवा शेजारच्या गावातली, दिवसा नोकरीधंदा करणारी, लग्नसराईत सुपारी घेणारी. त्यांच्यामागे कंपनी नसते, स्टुडिओ नसतो. 'इंडी' या शब्दाचा जो मूळ अर्थ, म्हणजे स्वतःच्या बळावर उभा असलेला बँड, तो यांना पुरेपूर लागू पडतो.

बेंजो म्हणजे अमेरिकेतला गोल, कातड्याचा बँजो नव्हे. आपला बेंजो हा बुलबुल तरंग. त्याचा पूर्वज जपानी ताइशोगोतो, नागोया शहरात गोरो मोरिता यांनी 1912 साली बनवलेला. लांबट पेटीवर तारा ताणलेल्या, वर टाइपरायटरसारख्या पट्ट्या. डाव्या हाताची बोटं पट्टी दाबतात, की ती तारेवर टेकते आणि सूर ठरतो. उजव्या हातातली नखी तार छेडते. हे वाद्य जपानहून भारतात आलं, रुजलं, आणि आपल्याकडच्या वादकांनी त्याला पिकअप बसवून थेट अॅम्प्लिफायरला जोडलं.

कोणतं गाणं बेंजोवर रंगतं आणि कोणतं पडतं, याचं उत्तर याच बनावटीत आहे. पट्टीवर सूर ठरलेला असल्यामुळे मींड जवळजवळ निघतच नाही. छेडलेला सूर लगेच विरतो, म्हणून लांब सूर धरायचा तर नखी भराभर मागेपुढे फिरवावी लागते. त्या फिरण्यातूनच बेंजोचा तो थरथरता, धारदार आवाज येतो. म्हणजे ज्या गाण्याचा सगळा जीव गायकाच्या गळ्यातल्या हरकतींत आहे, ते इथे उघडं पडतं. तुटक सुरांचं, चटकन लक्षात राहणाऱ्या मुखड्याचं, ठेक्याला घट्ट बांधलेलं गाणं मात्र झळाळून उठतं. ऐंशी-नव्वदच्या दशकांतली ज्यांना थिल्लर म्हणून बाजूला सारलं गेलं ती नाचाची गाणी नेमकी अशीच आहेत. माझ्या मते बेंजो ही त्यांची खरी परीक्षा आहे. शब्द नाहीत, गायक नाही, पडद्यावरचा नट नाही. एवढं सगळं काढून घेतल्यावरही जी चाल गर्दीला उठवते तिला स्वस्त म्हणणं मला पटत नाही.

शब्द गर्दी घालते. 'जत्रा' (2006) मधलं अजय-अतुल यांचं 'कोंबडी पळाली' घ्या. हीच चाल त्यांनी 2012 च्या 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली'ला दिली. बेंजोवर ती निघाली की एकाच वेळी कुणी मराठी शब्द म्हणतं, कुणी हिंदी, आणि दोघंही बरोबर असतात. गायक असलेल्या बँडला हे साधणार नाही.

'तम्मा तम्मा'चा प्रवास तर याहून लांबचा. 1990 च्या 'थानेदार'मधलं बप्पी लाहिरींचं हे गाणं पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीचे मोरी कान्ते यांच्या गाण्यांवरून उचललेलं. कान्ते कोरा वाजवत, आणि कोरा हे बोटांनी छेडायचं तंतुवाद्य. तिथून चाल मुंबईत बप्पीदांच्या सिंथेसायझरवर आली. ती बेंजोवर वाजते तेव्हा पुन्हा छेडलेल्या तारेवर पोचलेली असते.

हे गाणं आलं त्याच्या आदल्याच वर्षी, 26 मे 1989 ला, न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. जानेवारी 1984 च्या जासई-नवघरच्या आंदोलनात, शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली, जमिनीच्या मोबदल्यासाठी लढताना पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात गेले होते. शेवा कोळीवाडा उठला, माणसं हनुमान कोळीवाड्यात गेली. त्या वर्षांत जे पंधरा-वीस वर्षांचे होते, त्यांच्या कानावर कॅसेटमधून हीच गाणी पडत होती. आज त्यांच्या मुलांच्या हळदीत ती वाजतात. त्यांना 'जुन्या जमान्याची भंकस' ठरवण्याआधी, ती कुणाच्या कुठल्या वर्षांना चिकटलेली आहेत हे विचारायला हवं.

आणि कोळीगीतं? 'मी डोलकर' शांता शेळके यांनी लिहिलं, हृदयनाथ मंगेशकरांनी चाल बांधली, लता मंगेशकर आणि हेमंत कुमार यांनी गायलं. लिहिणाऱ्या पुणे जिल्ह्यातल्या, गाणाऱ्यांतले एक बंगाली. तरी कोळीवाड्यांनी ते आपलं मानलं, आणि बेंजो पार्टी ते घरचं म्हणूनच वाजवते. मूळ आणि नक्कल यांची जी रेघ समीक्षक आखतात, ती या मांडवात टिकत नाही.

कायद्यानं मात्र रेघ आखली आहे, आणि ती समजून घेण्याजोगी आहे. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52 नुसार लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांत गाणं वाजवणं हा हक्कभंग ठरत नाही. म्हणून हळदीत बेंजोवाल्यांना कुणाची परवानगी लागत नाही. तीच पार्टी तेच गाणं रेकॉर्ड करून विकायला निघाली की कलम 31 सी लागू होतं. 2012 च्या दुरुस्तीनं आलेलं हे कलम सांगतं की मूळ रेकॉर्डिंगचं वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबा, आगाऊ नोटीस द्या, वर्षाला किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी भरा, आणि तांत्रिक गरजेपलीकडे मालकाच्या संमतीशिवाय गाण्यात बदल करू नका. 50,000 प्रतींचा हा किमान आकडा मोठ्या कंपनीला जड नाही. लग्नसराईच्या सुपाऱ्यांवर चालणाऱ्या पार्टीला तो परवडणारच नाही. त्यामुळे मांडवात जी कला जोरात आहे तिची कायदेशीर ध्वनिमुद्रणं फार थोडी निघतात, आणि पुढे कुणाला या वादकांचा अभ्यास करायचा झाला तर हाती पाहुण्यांनी मोबाइलवर घेतलेले व्हिडिओच लागतील. रवी जाधव यांनी 2016 मध्ये 'बँजो' हा हिंदी चित्रपट काढला, रितेश देशमुखला त्यात वादक केलं. तेव्हा हे वाद्य मोठ्या पडद्यावर आलं खरं, पण उरण-पनवेलच्या पार्ट्यांचं वादन नीट मुद्रित करून ठेवण्याचं काम बाकीच आहे. एखाद्या विद्यापीठाच्या लोककला विभागानं एका लग्नसराईपुरतं जरी हे हाती घेतलं, तरी सुरुवात होईल.

पुढच्या आठवड्यात : वेसाव्याची कोळीगीतं आणि कॅसेटचा जमाना.