मोटारीतील पडद्याची तीस वर्षे

जपानात १९८१ साली होंडा कंपनीने मोटारीत जो मार्गदर्शक पडदा बसविला, त्यापुढे पारदर्शक पत्रावर छापलेला नकाशा हाताने लावावा लागे, आणि वायूच्या झोतावर चालणाऱ्या दिशामापकाच्या आधारे गाडीचे स्थान त्यामागे उमटे. १९८७ साली टोयोटाच्या क्राउनमध्ये नकाशा सीडीवरून रंगीत पडद्यावर आला, १९९० साली माझ्दाच्या युनोस कॉस्मोने उपग्रहांचा आधार घेतला, आणि एवढ्या उत्तम पडद्यावर आपल्या पसंतीची चित्रफीतही पाहता यावी, अशी इच्छा मालकांच्या मनात उत्पन्न होणे स्वाभाविकच होते.

परंतु पुष्कळ गाड्यांत बाहेरच्या चित्रास प्रवेशाची मुभा नव्हती. कारखान्याचा पडदा तांबडा, हिरवा व निळा हे रंग निरनिराळ्या तारांनी स्वीकारी आणि ओळींचा मेळ राखणारा संकेत स्वतंत्रपणे मागे. उलट चित्रफीतयंत्राच्या पिवळ्या पिनेतून हे सारे एकाच तारेने येई. त्या मिश्रणाचे पृथक्करण करून, सेकंदाला सुमारे १५,७०० ओळींची गती न बिघडविता ते पडद्याच्या हवाली करणारी छोटी पेटी ज्यांनी सिद्ध केली, त्यांच्या कौशल्याविषयी मला नितांत आदर वाटतो.

तोच आदर हँडब्रेकची तार गाडीच्या सांगाड्याला कायमची जोडून, गाडी उभी असल्याचा खोटा निर्वाळा यंत्राला देणाऱ्यांविषयी मात्र वाटत नाही. चालत्या गाडीत चालकासमोर चित्र दिसू नये, हा कारखान्याचा बंदोबस्त यथायोग्यच होता, आणि १९९९ च्या नोव्हेंबरपासून वाहन चालविताना पडद्याकडे टक लावून पाहण्यास जपानी कायद्यानेही मज्जाव केला. काहींनी तर वेगाचा संकेतच तोडला. पण बोगद्यात उपग्रह दिसेनासे झाले की त्याच संकेतावरून कापलेले अंतर मोजले जाई, म्हणून गाडी पुढे धावत असता नकाशावरील तिचे चिन्ह जागच्या जागी खिळून राही.

पुढे २००३ च्या डिसेंबरात भूपृष्ठावरून दूरचित्रवाणीचे अंकीय प्रक्षेपण सुरू झाले, आणि २४ जुलै २०११ रोजी, भूकंपग्रस्त ईशान्येकडील तीन प्रांत वगळता, जुने प्रक्षेपण बंद झाले. कारखान्याने बसविलेले जुने ट्यूनर त्या दिवशी निरुपयोगी ठरले, नकाशे मात्र पूर्ववत चालत राहिले. आणि तोवर हौस म्हणून गणली गेलेली बाहेरच्या चित्राची ती जोडणी आता दुरुस्तीच्या सदरात आली. ज्यांच्या पडद्याला बाहेरच्या चित्राची वाट आधीपासून होती, त्यांना नवा ट्यूनर जोडून भागले. इतरांना डॅशबोर्ड उघडणे प्राप्त झाले.