जवानाचा पगार आणि कर

आपला पोरगा फौजेत गेला, सीमेवर उभा राहिला. त्याच्या पगारावर कर लागतो का? होय. पगार ठराविक मर्यादेच्या वर गेला, की लागतो. हा प्राप्तिकर. तो दिल्लीचे सरकार घेते.

दुसरा व्यवसायकर. तो राज्याचा. महाराष्ट्राचा त्याबद्दलचा कायदा १९७५ सालचा. फौजेतल्या माणसांना तो कर माफ आहे.

जवान लढाईच्या कामगिरीवर कामी आला, तर त्याच्या विधवेला मिळणाऱ्या कुटुंब-निवृत्तिवेतनावर प्राप्तिकर नाही. परमवीरचक्र, महावीरचक्र, वीरचक्र मिळालेल्यांच्या निवृत्तिवेतनावरही नाही.

तेव्हा बायांनो, कोणी कर मागितला तर घाबरू नका. आता वाचता येते ना? मग कागद आधी वाचा. न वाचता सही करू नका. अडले तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.