लेमूरचं नाव, पनवेलचा बाक

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात डाव्या हाताला कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. सगळ्यांची नजर त्या सुळक्यावर जाते. माझा जीव मात्र कितीतरी वर्षं या भागातल्या खडकांच्या कलण्यात अडकलेला आहे. माथेरान-प्रबळगडाकडे पाहिलं, तर लाव्हाचे थर पाटावर पाट रचावेत तसे आडवे दिसतात. पश्चिमेला, समुद्राकडे येताना तेच थर खाली झुकतात. भूशास्त्रात याला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. आपण पनवेलचा बाक म्हणू. हे नाव रूढ झालं ते जॉन बिकनेल ऑडन यांच्या १९४९ च्या निबंधापासून. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला हा हिमालयवेडा माणूस, कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचा सख्खा भाऊ.

या बाकाबद्दल जुनं जे मिळेल ते वाचत मागे मागे जात होतो, तेव्हा मध्येच लेमूर आला. मादागास्करचा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या शेपटीचा. पनवेलशी याचा काय संबंध, म्हणून आधी त्याच्या नावापाशी गेलो.

मे महिन्यात अतृप्त मृतात्म्यांना घराबाहेर काढायचा रोमन लोकांचा एक विधी होता. मध्यरात्री घरचा कर्ता अनवाणी उठायचा आणि मागे न बघता काळे दाणे टाकत जायचा. त्या आत्म्यांना म्हणायचे लेमुरेस, आणि त्या दिवसांना लेमुरिया. हा शब्द स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने एका प्राण्याला दिला. १७५४ साली स्वीडनच्या राजाच्या प्राणिसंग्रहाची सूची करताना त्याने कारणही लिहून ठेवलं: हे प्राणी मुख्यतः रात्री हिंडतात, थोडेफार माणसासारखे दिसतात आणि संथ पावलांनी फिरतात. आता पट्टेरी शेपटीचा लेमूर डोळ्यांसमोर आणा. तो दिवसाउजेडी वावरतो आणि लांब लांब उड्या मारतो. हे वर्णन त्याचं कसं असेल?

ते त्याचं नव्हतंच. १७५४ च्या त्या सूचीत ‘लेमूर’ या नावाखाली एकच जात होती, लेमूर टार्डिग्रॅडस, म्हणजे श्रीलंकेचा सडपातळ लोरिस. १७५८ च्या ग्रंथात लिनियसने त्याच्या शेजारी मादागास्करचा पट्टेरी लेमूर आणून बसवला आणि तिसरा म्हणून उडता कोलुगो घेतला, जो वानरकुळातला नाहीच. पुढे १७९६ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ झोफ्रॉय यांनी लोरिसला वेगळं घर दिलं आणि ‘लेमूर’ हे नाव मादागास्करकडेच राहिलं. ही गोष्ट मला विलक्षण वाटते. आज लहान मुलं सिनेमात बघून ज्या नावाने टाळ्या पिटतात, ते मुळात आपल्या दाराशी राहणाऱ्या प्राण्याचं नाव होतं. पश्चिम घाटातला लोरिस हा त्या श्रीलंकेच्या लोरिसचा सख्खा चुलतभाऊ.

त्यानंतर आले फिलिप स्क्लेटर, लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेचे चिटणीस. १८६४ साली त्यांनी हिशेब मांडला: लेमूरच्या गोतावळ्यातल्या तिसेक जाती मादागास्करात, आफ्रिकेत डझनभर, आणि भारताच्या बाजूला जेमतेम तीन. मधे एवढा समुद्र असताना हे नातेवाईक दोन्हीकडे पोचले कसे? त्यांचं उत्तर असं, की मधे एक भूखंड होता आणि तो बुडाला. त्याला त्यांनी नाव दिलं लेमुरिया. पुढे जर्मन प्राणिशास्त्रज्ञ हेकेलने माणसाची जन्मभूमीच तिथे नेऊन ठेवली, थिऑसफीवाल्यांनी तिथे राक्षसी मानव वसवले आणि तमिळ अभिमानाने तिला कुमरी कंडम् केलं. त्या वाटेने मी जात नाही. मला ओढ आहे ती विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड यांची.

ब्लॅनफर्ड (१८३२-१९०५) भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले. पश्चिम भारतातल्या काळ्या पाषाणावर त्यांचं मोठं काम १८६७ मध्ये आलं. मेडलिकॉट यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेल्या भारताच्या भूशास्त्रावरच्या १८७९ च्या ‘मॅन्युअल’मध्ये मुंबईजवळचे थर पश्चिमेला कलतात, याची दखल आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर याच माणसाने ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ ही प्रचंड ग्रंथमाला संपादित करायला घेतली आणि सस्तन प्राण्यांचा खंड (१८८८-९१) स्वतः लिहिला. त्यात लोरिस ग्रॅसिलिस या नावाने आपला लोरिस आहे. एकाच माणसाच्या टेबलावर कोकणातला कललेला खडकही होता आणि लोरिसही. १८९० साली लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी महासागरांची खोरी कायमची एका जागी असतात या मताला हरकत घेतली. भारत आणि मादागास्कर कधीकाळी जमिनीने जोडलेले होते, हे त्यांचं म्हणणं होतं आणि त्यांचा आधार होता दोन्हीकडचे प्राणी. खडक तपासणाऱ्या माणसाने समुद्राबद्दलचा प्रश्न जिवंत प्राण्यांना विचारावा, याचं मला फार कौतुक आहे.

ते चुकले, आणि बरोबरही ठरले. भूखंड बुडाला नाही, सरकला. मादागास्कर आणि भारत एकत्र होते, पण सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी तुटले. तेव्हा लेमूर जन्माला यायचे होते. लेमूरचे पूर्वज नंतर, बहुधा वाहत्या झाडाझुडपांच्या तराफ्यांवरून, आफ्रिकेतून मादागास्करला पोचले. आपल्याकडे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ओतला गेला आणि त्यानंतर थोड्याच काळात सेशेल्सचा तुकडा भारतापासून अलग झाला. जमीन फाटताना तिची कड वाकली. पनवेलचा बाक ही त्या फाटण्याची खूण. स्क्लेटर बुडालेल्या जमिनीच्या शोधात होते; तुटलेल्या जमिनीची एक कड आपल्या पनवेलच्या अंगणात आहे.

लेमूरची आजची स्थिती सांगताना हात जड होतो. २०२० च्या आययूसीएन यादीत १०७ पैकी १०३ जाती धोक्यात आणि ३३ अतिसंकटग्रस्त होत्या. जंगलतोड, शिकार, आणि शिवाय पाळण्याची हौस. मे २०२४ मध्ये थायलंडच्या पोलिसांनी चोरट्या व्यापारातले ४८ लेमूर पकडले. लेमूर साइट्स या वन्यजीव-व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे, तरी ही हौस थांबत नाही. लेमूरचं संरक्षण मादागास्करमध्येच व्हायला हवं, आणि तिथल्या गावांनी ते करून दाखवलं आहे. आंजा इथे गावकऱ्यांनी जेमतेम ३० हेक्टर जंगल राखलं आणि पट्टेरी लेमूर टिकवले. इंद्री या लेमूरला मारायचं नाही, अशी मादागास्करमधल्या कित्येक गावांची पिढीजात बंदी आहे. देवराईत कुऱ्हाड न घालणाऱ्या आपल्या माणसांना ही भाषा सांगावी लागणार नाही.

आपल्या वाट्याला आहे तो लोरिस. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असूनही डोळ्यांसाठी, जादूटोण्यासाठी तो मारला गेला आहे. तमिळनाडूने ऑक्टोबर २०२२ मध्ये करूर-दिंडिगल जिल्ह्यांत ११,८०६ हेक्टरांचं कडवूर लोरिस अभयारण्य जाहीर केलं, देशातलं पहिलं.

कर्नाळा अभयारण्य १९६८ चं, आज सुमारे १२ चौरस किलोमीटरचं. तिथे लोरिस नाही; तिथे पक्षी आहेत, आणि शाळांच्या सहली आहेत. मुलं पिंजऱ्यापाशी रेंगाळतात. मला त्यांना सुळक्याखाली उभं करून, समोरचा खडक का कलला आणि त्या खडकातून लेमूरपर्यंत कसं जायचं, हे सांगायचं असतं. आणि मधून जाणाऱ्या महामार्गाकडे बोट दाखवून विचारायचं असतं, की झाडावरून सहसा न उतरणाऱ्या जिवाने पलीकडे जायचं कसं?

हा प्रश्न मला गोव्यात मोलेच्या बाजूला पडला. लाल कागद बांधलेल्या बॅटरीत दोन केशरी ठिपके चमकले. पेन्सिलीएवढे बारीक हातपाय, पायाच्या दुसऱ्या बोटावर केस विंचरायची ती एकच लांब नखी, जी लेमूरलाही असते. फांदी घट्ट धरून एकेक हात पुढे टाकत तो टोकाशी आला. पुढे नवा कच्चा रस्ता होता, दोन झाडांमध्ये आठ-दहा फुटांची मोकळी हवा. लोरिस उडी मारत नाही. मागच्या पायांनी फांदी पकडून त्याने सगळं अंग ताणलं आणि हात अंधारात फिरवला. काही लागलं नाही. पुन्हा फिरवला. मग तितक्याच संथपणे तो वळला आणि आला त्याच फांदीने परत गेला.