शाळेच्या नावची जमीन

22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली जी शिक्षण परिषद भरली, तिचे स्मरण आज बहुधा नई तालीम आणि तकली यांच्या संदर्भातच होते. परंतु त्या चर्चेच्या मुळाशी एक अगदी व्यावहारिक प्रश्न होता, तो म्हणजे गावच्या गुरुजींचा पगार कोणाच्या तिजोरीतून निघावा. तो मुलांच्या हस्तोद्योगातून निघावा, असे गांधीजींचे मत होते. मध्य प्रांताचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजनेत निराळी वाट काढली: मालगुजारांनी व सधन काश्तकारांनी शाळेस जमीन दान द्यावी, तिच्या उत्पन्नातून शिक्षकाचे वेतन भागावे, आणि शिक्षक घडविण्याचा भार सरकारने वाहावा. त्याकरिता 1938 साली वर्ध्यातच प्रशिक्षण विद्यालय निघाले.

या कल्पनेतील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. जो दरसाल रोख देणगी देतो त्याच्या तोंडाकडे दरसाल पाहावे लागते. उलट, सरकारी दफ्तरात एकदा शाळेचे नाव चढले, की देणाऱ्याची मर्जी फिरली तरी पीक शाळेच्याच खळ्यावर येते. मात्र कापूस पावसाच्या आणि बाजारभावाच्या अधीन, गुरुजींची चूल तर रोज पेटायची. आणि ज्या गावात दान द्यायला जमीनच नाही, तेथील मुलांना तर शिक्षणाची गरज सर्वांत अधिक. नोव्हेंबर 1939 मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजनेचा मोठा आधार गेला.

आज महाराष्ट्रातील अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार शासन देते, इमारत संस्थेची असते, आणि पट घसरला की संचमान्यतेत पद जाते. मिनेसोटा राज्याने 1991 साली कायदा करून अमेरिकेत सुरू केलेल्या चार्टर शाळांनाही सरकारी पैसा विद्यार्थिसंख्येप्रमाणे मिळतो, व इमारतीसाठी पुष्कळदा दात्यांचे दार ठोठवावे लागते. पगार खजिन्यातूनच यावा, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. परंतु वेतनेतर अनुदान जेथे पुरत नाही, तेथे वीजबिल, प्रयोगशाळेतील काचसामान, गळके छप्पर यांसाठी दात्याने दरवर्षी चेक फाडण्याऐवजी एकदाच कायम ठेव ठेवावी, तिचे व्याज शाळेच्या हाती द्यावे, आणि त्या व्याजाचा जमाखर्च पालकसभेत मोठ्याने वाचला जावा.