झाडाला टांगलेला फोन

जाहिरात निघायच्या आधीच दोन बैठका एका शब्दावर खर्ची पडल्या. वाशिम जिल्ह्यात संकट येण्याआधी लोक नेमकं काय करतात, याचं सर्वेक्षण करायला एका संस्थेला सल्लागार नेमायचा होता. कागद तयार करणाऱ्यांत मी होतो. इंग्रजी मसुद्यात 'अर्ली अ‍ॅक्शन' असं लिहिलेलं. कुणी 'पूर्वतयारी' सुचवलं. पण पूर्वतयारी बारमाही असते: दोरखंड, पोहणाऱ्यांची यादी, 'आपदा मित्र' स्वयंसेवकांचं प्रशिक्षण. आम्हाला हवा होता तो मधला तुकडा. इशारा आलाय, संकट अजून यायचंय, तेवढ्या वेळात माणूस काय करतो?

आमच्यातला रिसोडकडचा एक पोरगा बराच वेळ गप्प होता. तो म्हणाला, "म्हंजे पानी याच्या आंधी सुडी झाकनं, हेच ना?"

हेच. सोंगलेलं सोयाबीन मळणीयंत्र येईपर्यंत शेतात रचून ठेवतात, ती सुडी. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, हा तिचा काळ आणि परतीच्या पावसाचाही. सुडी भिजली की वर्ष भिजलं. मी त्याचं वाक्य कार्यकक्षेच्या पहिल्या पानावर जसंच्या तसं घातलं. वरच्या कार्यालयातून मसुदा परत आला तेव्हा ते खोडलेलं होतं. आम्ही पुन्हा घातलं.

१ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसलाय. इथली काटेपूर्णा उत्तरेला पूर्णेकडे, म्हणजे तापीच्या खोऱ्यात जाते. पैनगंगा आणि अडाण गोदावरीच्या खोऱ्यातल्या. दोन्ही उतारांनी पाणी निघून जातं. पावसाळ्यात नाला काही तासांत चढतो आणि तसाच उतरतो. एप्रिलमध्ये विहिरी तळ दाखवतात. आपत्तीही तशाच, विखुरलेल्या. एका शिवारात वीज पडते, दुसऱ्यात गारा. ११ फेब्रुवारी २०१८ च्या गारपिटीसारखा दिवस मोठी बातमी होतो. एरवी दोन बैल आणि एक माणूस गेल्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते. म्हणून मला हे सर्वेक्षण फार महत्त्वाचं वाटत होतं, आजही वाटतं.

सल्लागाराची निवड गुणवत्तेला ७० आणि किमतीला ३० गुण, अशी होती. सादरीकरणाला मोठ्या शहरांतल्या कंपन्या आल्या. पडद्यावर रंगीत नकाशे, डॅशबोर्ड, उपग्रहाची चित्रं. काम चांगलं होतं, खोटं काही नव्हतं. शेवटी विदर्भातल्याच एक बाई आल्या. त्यांनी संगणक उघडण्याआधी आम्हालाच विचारलं, "सर्वेक्षण कोणत्या महिन्यात करायचं ठरवलंय?"

आर्थिक वर्ष संपायच्या आत, फेब्रुवारी-मार्चमध्ये, असं आमच्या कागदात होतं. त्या म्हणाल्या, "तेव्हा मानोरा-मंगरुळपीरच्या बंजारा तांड्यांवर जाऊन बघा. किती घरांना कुलूप दिसेल! दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला निघालेली असतात. मागं म्हातारे राहतात, तेही गोरमाटी बोलीतच मोकळेपणानं बोलतात. सप्टेंबरअखेरीस गेलात तर गाव सोंगणीला. पोळा झाला की सोंगणी सुरू होईपर्यंतचे दिवस द्या, आणि गोरमाटी बोलणारी चार मुलं-मुली."

त्यांचा आर्थिक लिफाफा उघडला तेव्हा आकडा सर्वांत कमी नव्हता. दोन गावं आणि दोन तांड्यांवर आधी चाचणी करायची, तिचा खर्च त्यांनी धरला होता. समितीत तासभर वाद झाला. हा खर्च कशाला, प्रश्नावली तर तयारच आहे, असं एकांचं म्हणणं. गुणांची बेरीज थोडक्यात त्यांच्या बाजूनं आली. तो खर्च कापला असता तर पुढचं सगळं सर्वेक्षण चुकीचं झालं असतं, हे मी खात्रीनं सांगतो. कारण चाचणीच्या पहिल्याच दिवशी ते उघड झालं.

प्रश्न होता: 'विजेबाबत पूर्वसूचना मिळते का?' सकाळभर उत्तरं आली, 'हो'. आम्ही खुशीत. पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' अ‍ॅप आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजांचा इशारा देतं. ते गावोगाव पोचलं, असा आम्ही अर्थ लावला. दुपारी बाईंनी एका आजींना पुढचा प्रश्न विचारला, "मग मेसेज आल्यावर तुम्ही काय करता?"

"कंदील काढून ठेवतो ना बाई. लाईन जाते तवा."

मेसेज महावितरणचा होता. वीज म्हणजे मीटरची. आभाळातली ती ईज. "अन् ईज?" असं विचारल्यावर आजी म्हणाल्या, "ईज पडाची असन तं आभायच सांगते. फोन कायले सांगन?"

त्या संध्याकाळी आम्ही प्रश्नावलीतला शब्द बदलला. एका शब्दानं सकाळचे सगळे 'हो' खोटे पडले होते.

दुसऱ्या दिवशी निंदण चाललेल्या शेतात गेलो. दहा-बारा बाया, सोयाबीनच्या तासांत वाकलेल्या. अ‍ॅप असलेला फोन कुणाकडं आहे, विचारलं. एकीनं बांधावरच्या लिंबाकडं बोट केलं. खालच्या फांदीला पिशव्या टांगलेल्या. पिशवीत भाकरी, पाण्याची बाटली आणि फोन. सगळ्या बायांत तेवढाच एक, मुकादमीण बाईचा. आभाळ भरून आलं की इशारा तिथं वाजणार. तो ऐकायला, भाकरी भिजू नये म्हणून, सगळ्या त्याच झाडाखाली जमणार. विजेच्या वेळी झाडाखाली थांबू नये, हे सांगणारं यंत्र त्याच झाडाला लटकत होतं. बाई वहीत काही लिहीत नव्हत्या. नुसत्या त्या फांदीकडं बघत होत्या.

आता एका बस्त्याची गोष्ट. आढावा बैठकीत कुणीतरी विचारलं, आपत्तीच्या आधी सरकारी पैसा खर्च करायची सोय आपल्याकडं आहे तरी का? बाईंनी लाल कापडाच्या बस्त्यात बांधलेली जुनी कागदपत्रं मागवून घेतली होती. टंचाई आराखडे. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून, असे तीन टप्पे. पावसाची तूट आणि निरीक्षण विहिरींची पातळी बघून पुढं कोणत्या गावाला पाणी पुरणार नाही ते आधी ठरवायचं. मग विहीर अधिग्रहण, विंधन विहीर, नळयोजनेची दुरुस्ती, टँकर. मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. "हीच तुमची आगाऊ कृती," बाई म्हणाल्या. "दुष्काळासाठी तुम्ही हे कितीतरी वर्षं करताय. मग सुडीसाठी का होत नाही?"

मला हा प्रश्न आजवर सोडत नाही. वीज पडून माणूस गेला तर वारसांना ४ लाख मिळतात, आणि मिळायलाच हवेत. पीकविम्यात अनेक वर्षं नियम होता, नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळवा. तो आकडा शेतकऱ्यांना तोंडपाठ झाला. आधीच्या ७२ तासांचं मात्र कुणी विचारत नाही. हवामान खात्याचा अंदाज पाच दिवसांचा असतो, ग्रामीण कृषी मौसम सेवेचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. रिसोड तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं आम्हाला सांगितलं, "मेसेज आला व्हता. पन रातच्याले ताडपत्री कुठून आनाची? होती थे एकच, दोघा भावांत." बांगलादेशात २०२० च्या जुलैत जमुना नदीचा पूर शिगेला पोचण्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या निधीतून कुटुंबांच्या हाती रोख रक्कम दिली गेली. आपल्याकडं एवढं मोठं काही लागलं नसतं. ग्रामपंचायतीत वीस ताडपत्र्या आणि त्या कुणाच्या सहीनं बाहेर काढायच्या, याचा एक ठराव. पंधराव्या वित्त आयोगानं राज्याच्या आपत्ती निधीतला पाचवा हिस्सा सौम्यीकरणासाठी वेगळा काढायला सांगितलाय. त्यातला चिमूटभर अशा कामाला का लागू नये?

अंतिम प्रश्नावलीत बाईंनी 'इशारा मिळाला का?' हा प्रश्न तसाच ठेवला. त्याखाली दोन नवे घातले: 'तेव्हा फोन कुठं होता?' आणि 'झाकायला घरात काय होतं?' पोळ्यानंतर भरून आलेले पहिले कागद मी रात्री जागून वाचले. फोनच्या रकान्यात पोरांनी लोकांचे शब्द जसेच्या तसे उतरवले होते.

झाडाले. घरी, चार्जिंगले. पोरापाशी, कारंज्याले. मालकापाशी. झाडाले. झाडाले.